उभी घसरगुंडी: काय करावे, काय टाळावे

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मे महिन्यात घाटाखाली पारा ४४-४५ वर गेला की माणसाला म्हशीचा हेवा वाटू लागतो. अशा मुलखात कुणाला वॉटर पार्क काढावासा वाटला तर नवल नाही. आणि पार्क काढला की शेजारच्या जिल्ह्यापेक्षा उंच घसरगुंडी हवीच, हाही आपला स्वभाव.

जवळजवळ सरळ खाली सोडणारी घसरगुंडी आपल्या जिल्ह्यात अजून माझ्या पाहण्यात नाही. महाराष्ट्रात मात्र ती आलेली आहे. खोपोलीजवळ इमॅजिकाच्या वॉटर पार्कमध्ये ‘लूपी वूपी’ आहे. तिच्यात उभ्या कप्प्यात शिरायचे, पायाखालची फळी निघते आणि माणूस नळीतून खाली जातो. आज ना उद्या असे काही घाटाखालीही येईल. ते येण्याआधीची ही यादी मालकासाठी, ठेकेदारासाठी आणि रांगेत उभ्या राहणाऱ्यासाठी आहे. तिच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: उंची फक्त वेग देते, घात होतो तो वळणात आणि जोडात.

कागदावर

करावे: वेग स्वतः काढून बघावा. त्याला संगणक लागत नाही. उताराची उभी उंची मीटरमध्ये घ्या, तिला १९.६ ने गुणा, वर्गमूळ काढा. सेकंदाला किती मीटर, ते मिळते. २० मीटरच्या उतारावरून सुटलेला माणूस, घर्षण धरले नाही तर, ताशी सुमारे ७१ किलोमीटरने तळाला येतो. मोटारसायकलवर आपण हेल्मेट घालून ज्या वेगाने जातो, त्याच वेगाने इथे चड्डीवर. ब्राझीलच्या फोर्तालेझा शहराजवळची ‘इन्सानो’ ही १९८९ मधली घसरगुंडी ४१ मीटरची आहे आणि तिचा वेग १०५ किलोमीटर सांगतात. वरचे गणित ४१ मीटरला १०२ च देते, तेही घर्षण शून्य धरून. म्हणून माहितीपत्रकातला आकडा वाचला की आधी पेन्सिल काढावी.

करावे: माथ्याचा आकार सांडव्याकडून शिकावा. पाटबंधारे खात्यात काम केलेला कोणीही निवृत्त अभियंता हे तुम्हाला चहाच्या टपरीवर समजावून देईल. धरणाच्या सांडव्याचा माथा साध्या अर्धगोलाचा नसतो, त्याला ‘ओगी’ म्हणतात. धारदार भिंतीवरून उडी मारणारे पाणी हवेत जी कमान काढते, त्या कमानीच्या पोटातली जागा काँक्रीटने भरायची, म्हणजे ओगी तयार. पाण्याला जिकडे जायचे होते तिकडेच काँक्रीट असते, म्हणून ते अंगाला चिकटून उतरते. पूर अंदाजापेक्षा मोठा आला की पाणी सुटू पाहते, मधे पोकळी धरते आणि काँक्रीट कुरतडले जाते.

माणसाचेही तसेच. नेमका गोल माथा दिला आणि माणूस जागेवरून सुटला, तर त्रिज्येच्या एक तृतीयांश इतका खाली आला की त्याचे अंग घसरगुंडीपासून वेगळे होते. तिथून पुढे तो घसरत नाही, पडत असतो. उतार ऐंशी अंशांचा झाला की अंगाचा जेमतेम सहावा हिस्साच भार फायबरवर टेकतो, तेव्हा मुळातच हातात फार काही उरलेले नसते. पायाखालची फळी काढणारा कप्पा लोकांना घाबरवण्यासाठी आहे असे वाटते, पण त्याचे तांत्रिक कारणही आहे. माणूस आधीच उभ्या नळीत असतो, त्यामुळे माथ्यावरचे वळण घ्यायचेच राहात नाही.

टाळावे: वेगात असताना मधे उंचवटा. ही चूक जगाने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अमेरिकेत कॅन्सस सिटीला श्लिटरबान नावाच्या पार्कने १० जुलै २०१४ ला ‘फेरुक्त’ ही घसरगुंडी उघडली. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ वेडा. उंची १६८ फूट ७ इंच. नांदुऱ्याचा हनुमान १०५ फुटांचा, म्हणजे त्याच्या दीडपटीहून जास्त. तीन जणांच्या रबरी तराफ्यात बसून आधी सरळ खाली यायचे आणि मग साधारण ५० फुटांचा दुसरा उंचवटा चढून पलीकडे उतरायचे. चाचणीत वाळूच्या गोण्या भरलेले तराफे या उंचवट्यावरून उडाले. उद्घाटन पुढे ढकलले गेले, काही भाग पाडून पुन्हा बांधला आणि वर धातूच्या कमानी टाकून जाळी लावली.

त्या जाळीचा अर्थ नीट लावावा. तराफा उडतो हे मान्य केले आणि उडालेला माणूस बाहेर जाऊ नये म्हणून वर छप्पर घातले. सेकंदाला २० मीटर वेगाने उंचवट्यावरून जायचे असेल, तर त्याच्या माथ्याची त्रिज्या किमान ४१ मीटर लागते, तरच तराफा टेकलेला राहतो. हे बारावीच्या पुस्तकातले गणित आहे.

७ ऑगस्ट २०१६ ला १० वर्षांचा मुलगा पुढे बसला, मागे दोन बायका. एकूण वजन ठरवून दिलेल्या ४०० ते ५५० पौंडांत, म्हणजे १८१ ते २५० किलोंत होते, पण पुढे हलके आणि मागे जड. तराफा उडाला, मुलगा कमानीवर आदळला आणि जागीच गेला. बायका जखमी झाल्या. त्या दिवशी पार्कमध्ये लोकप्रतिनिधींच्या कुटुंबांना मोफत प्रवेश होता. त्या राज्यात तोवर तपासणीचे काम बरेचसे मालकांवरच सोडलेले होते. पुढच्या वर्षी कायदा कडक झाला. २०१८ मध्ये पार्कच्या मालकांपैकी एकावर आणि रचनाकारावर खुनाचे आरोप लागले. रचनाकाराकडे अभियांत्रिकीची पात्रता नव्हती, असे आरोपपत्रात म्हटले होते. २०१९ मध्ये पुरावा मांडण्यातल्या दोषांमुळे न्यायाधीशांनी खटला रद्द केला. घसरगुंडी त्याआधीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पाडली गेली होती.

टाळावे: एकूण वजनावर समाधान मानणे. बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ओझे धुरीकडे किती आणि मागे किती, हे पाहूनच तो गाडी जुंपतो. उलाळ झालेली गाडी बैलांना वर उचलते, तसाच मागून जड झालेला तराफा नाक वर करतो.

करावे: पायथ्याचे वळण पसरट ठेवावे. हिशेब सोपा आहे. उताराच्या उंचीची दुप्पट करा, तिला वळणाच्या त्रिज्येने भागा आणि एक मिळवा. वळणाच्या तळाशी आपल्या वजनाच्या तितके पट भार अंगावर येतो. २० मीटर उतार आणि २० मीटर त्रिज्या असेल तर ३ पट. जागा वाचवायला त्रिज्या १० मीटर केली की ५ पट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० किलो झाल्यासारखे वाटते, आणि तो भार पाठीवर येतो. ठेकेदार ‘प्लॉट लहान पडतो साहेब’ म्हणाला, तर घसरगुंडी लहान करावी.

टाळावे: उभे पूर्ण कडे, म्हणजे लूप. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ॲक्शन पार्कने १९८५ मध्ये ‘कॅननबॉल लूप’ लोकांसाठी खुले केले होते. वेग कमी पडला की माणूस कड्याच्या वर पोचायच्या आत मागे घसरायचा. अडकलेल्यांना काढायला झाकण ठेवावे लागले. ते थोडेच दिवस चालले. आजची लूपवाली घसरगुंडी कडे तिरपे आडवे टाकते, ते याच कारणाने.

करावे: थांबायला उताराच्या दुप्पट लांबी धरावी. हा ढोबळ आकडा आहे. सावकाश थांबवायचे तर २० मीटरच्या उताराला ४० मीटर सपाट चर लागते. वेगातल्या माणसाला खोल हौदात सोडू नये. ७० किलोमीटरच्या वेगाला पाणी फरशीसारखे लागते. उथळ पाण्याची लांब चर त्याला हळूहळू अडवते आणि शेवटी त्याला उठून चालता येते.

टाळावे: फोटो पाहून नक्कल. तिकडच्या घसरगुंडीचे माप तिकडच्या पाण्याच्या प्रवाहासाठी, तिकडच्या फायबरसाठी काढलेले असते. गावचा फायबर-कारागीर पाण्याच्या टाक्या झकास करतो, पण त्याच्याकडून हे काम घेऊ नये. युरोप-अमेरिकेत पाण्याच्या घसरगुंड्यांसाठी स्वतंत्र मानके आहेत आणि भारतीय मानक ब्यूरोनेही मनोरंजनाच्या राइड्ससाठी मानके केली आहेत. रचनेच्या प्रत्येक नकाशावर जबाबदार अभियंत्याची सही असावी आणि तो अभियंता फोन उचलणारा असावा.

माती, पाणी, ऊन

इथून पुढचे मुद्दे परदेशी पुस्तकात सापडणार नाहीत.

करावे: पाया काळ्या मातीच्या खाली न्यावा. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या कुंपणाच्या भिंती दोन वर्षांत कशा वाकतात, ते आपण रोज बघतो. मनोऱ्याचे चार खांब चार तऱ्हेने हलले, तर वरच्या घसरगुंडीचे जोड उघडणारच. यावर देशी उपाय आहे. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रूढ केलेले ‘अंडर-रीम्ड पाइल’ खाली फुगवटा असलेले असतात आणि मोसमानुसार फुगणाऱ्या साडेतीनेक मीटर थराच्या खाली पाय रोवतात. मुरूम किंवा खडक वर असेल तर उत्तमच. घाटावर तशी जागा मिळते. माती तपासणीचा अहवाल मात्र त्याच प्लॉटचा घ्यावा, शेजारच्या जिनिंगचा नव्हे.

करावे: जोड कौलांसारखे लावावेत. वरचे कौल खालच्यावर येते, म्हणून पाणी आत शिरत नाही. फायबरच्या दोन तुकड्यांतही वरचा भाग किंचित उंच किंवा बरोबर असावा, खालचा कधीच वर आलेला नसावा. सेकंदाला १८ मीटर वेगाने जाणाऱ्या पाठीला दोन मिलिमीटरची धार ब्लेडसारखी लागते. जोडावर रोज सकाळी उघडा हात फिरवावा. डोळ्यापेक्षा तळहात जास्त सांगतो.

टाळावे: खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी तसेच फिरवणे. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतली कितीतरी गावे खाऱ्या भूजलाची. त्या पाण्यातले क्षार आणि वर टाकलेले क्लोरीन मिळून नटबोल्ट खातात. गंज जोडाच्या आत, वॉशरखाली आधी धरतो आणि बाहेरून बोल्ट चकचकीत दिसतो. साधे ‘स्टील’ म्हणून बिल घेऊ नये, बोल्टचा ग्रेड बिलावर लिहून घ्यावा. दर मोसमाआधी काही बोल्ट काढून बघावेत. जो सहज फिरत नाही, तो बदलावा.

करावे: फायबर उन्हापासून जपावा. वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट. विदर्भाच्या उन्हात तो पांढुरका होतो, हाताला खडूसारखी पूड लागते, मग बारीक केसासारख्या चिरा येतात. पूड लागली की पॉलिश आणि दुरुस्ती. चीर आतल्या काचेच्या धाग्यांपर्यंत गेली असेल तर तो तुकडाच बदलावा. वरून रंग मारणे हा गुन्हा समजावा.

करावे: ‘लाइन गेली’ याचा आधी विचार. आपल्याकडे वीज जाते, हे गृहीत धरूनच यंत्रणा बांधावी. पंप बंद पडला की अर्ध्या मिनिटात घसरगुंडीवरचे पाणी उतरते आणि मधे असलेल्याची पाठ कोरड्या फायबरवर सोलवटते. म्हणून सुरुवातीचे दार प्रवाहाशी जोडावे, प्रवाह ठरल्यापेक्षा कमी झाला की दार उघडताच कामा नये. वर शेवटच्या माणसाला पुरेल एवढी टाकी ठेवावी. जनरेटर आहे, हे उत्तर पुरेसे नाही. तो सुरू होईपर्यंतचे सेकंद मोजावेत.

टाळावे: ‘पाणी फिरवूनच वापरतो’ म्हणून हात झटकणे. फिरवले तरी उडते, सांडते आणि वाफ होते. घाटाखालच्या मेमध्ये दिवसाला सेंटिमीटरभर पातळी उतरली, तर ५०० चौरस मीटरच्या हौदातून ५,००० लिटर गेले. म्हणजे दोन दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर. शेजारच्या गावात त्याच टँकरसाठी घागरी रांगेत असतील, तर पार्कवाल्याने पावसाचे पाणी साठवण्याचे तळे आधी खोदावे आणि घसरगुंडी नंतर.

चालवताना

करावे: वरच्याने खालच्याच्या इशाऱ्याशिवाय माणूस सोडू नये. हात वर केला, शिट्टी वाजली, एवढ्यावर भागवू नये. खालच्याने बटण दाबल्याशिवाय वरचे दार उघडणार नाही, अशी जोडणी करावी. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकरी हात जोडून ‘माउली’ म्हणतात आणि हजारोंची रांग हलते, कुणी कुणाला ढकलत नाही. असा सेवेकरी मिळाला, तर त्याला मनोऱ्याच्या माथ्यावर उभा करावा.

करावे: वजनकाटा आणि उंचीची पट्टी वर चढायच्या आधी, जिन्याच्या पायथ्याशी. सगळा जिना चढून गेलेल्या पोराला परत पाठवणे कोणालाच जमत नाही. पाहुण्यांबरोबर आलेला असेल, तर मुळीच नाही. फेरुक्तला आधी वयाची अट १४ वर्षांची होती, नंतर ती काढून टाकली गेली.

टाळावे: साहेबांच्या पोरांसाठी अट वाकवणे. मोफत पासवाल्यांना आधी काट्यावर उभे करावे.

करावे: वळवाचा वारा सुटला किंवा ढग गडगडले की लगेच बंद. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली संध्याकाळी पत्रे उडवणारा वारा येतो. उंच लोखंडी मनोऱ्यावर ओल्या अंगाने उभे असलेले वीस जण ही जागा विजेला आवडेल अशी आहे.

करावे: माथ्यावरचा आणि तळचा माणूस दर अर्ध्या तासाने बदलावा, डोक्यावर सावली द्यावी. भर उन्हात उभ्या माणसाचे डोळे उघडे असतात, लक्ष नसते.

करावे: मान-मणक्याच्या जखमेसाठी सरळ फळी, मानेचा पट्टा आणि तो लावायला शिकलेली दोन माणसे. खामगावहून अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय पन्नासेक किलोमीटरवर आहे. जखमीला चौघांनी हातापायाला धरून जीपमध्ये टाकले, तर अपघातात वाचलेला मणका रस्त्यात जातो. १०८ ला फोन आणि तोवर न हलवणे.

टाळावे: थोडक्यात वाचलेल्या प्रसंगावर हसून पडदा टाकणे. कुणी जरासा उडाला, कुणाचे कोपर आपटले, की तारीख, वजन आणि वेळ वहीत लिहावी. एकाच जोडाजवळ आठवड्यात तिघांना खरचटले, तर तो जोड बोलतो आहे.

रांगेत उभे असाल तर

करावे: हात छातीवर घट्ट, पायांच्या घोट्यांची घडी, पाठ टेकलेली. पायांची घडी शोभेची नाही. पाय फाकले की वेगाने येणारे पाणी शरीराच्या आत घुसते आणि आतल्या जखमा होतात, त्यातही बायकांना जास्त. पार्कवाले लाजेपोटी हे सांगत नाहीत. म्हणून इथे लिहिले.

टाळावे: ओढणी, साडी, सैल सलवार, मंगळसूत्र, जोडवी, गळ्यातला ताईत, कमरेचा करदोडा. जोडात अडकायला एक दोरा पुरतो. करदोडा काढायला घरची मोठी माणसे नाही म्हणतील, त्यांना ‘मग तू खालीच बस’ असे सांगावे.

टाळावे: गरोदरपण, मणक्याचे दुखणे, हृदयविकार, जेवून तासही न झालेले पोट, आणि अर्थात प्यालेला माणूस.

टाळावे: अर्ध्यात उठून बसणे. बसले की तोल वर जातो.

टाळावे: फुकटची घसरगुंडी म्हणून धरणाचा सांडवा. पावसाळ्यात पैनगंगेवरचे येळगाव किंवा पेनटाकळी भरले की पोरे शेवाळावरून घसरायला जातात. सांडवा पाण्यासाठी काढलेला आहे. त्याच्या पायथ्याशी पाण्याचा जोर मोडण्यासाठी दगडी-काँक्रीटचे अडथळे असू शकतात, ते गढूळ पाण्यात दिसत नाहीत.

आणि शेवटचे. चांगल्या पार्कमध्ये उंच मनोऱ्याला उतरण्याचा वेगळा जिना असतो, वर जाऊन ज्याचा धीर सुटला त्याच्यासाठी. एकाच जिन्यावरून रांग चिरत, सगळ्यांच्या नजरा झेलत खाली यावे लागत असेल, तर घाबरलेले पोर लाजेखातर उडी मारते. तिकीट काढण्याआधी मनोऱ्याला एक चक्कर मारा आणि तो दुसरा जिना आहे का ते बघा.